नव्या लॅपटॉपवर पहिला मान कोणाचा?

पाऊस पडून रान वाफशावर आले की शेतकरी पेरणीस निघतो. परंतु हाती येईल ते बी तो रानात फेकीत नाही. आपल्या जमिनीस काय मानवेल, घरास काय लागेल, बाजारात काय विकेल याचा विचार करून तो तूर की उडीद, सोयाबीन की ज्वारी हे ठरवितो. तण मात्र कोणास पेरावे लागत नाही. ते आपोआप उगवते आणि पिकाच्या तोंडचे पाणी पिते. नवा लॅपटॉप हेही असेच एक नांगरून ठेवलेले रान आहे. त्यात आपण काही विचारपूर्वक पेरले नाही, तर ते रिकामे राहत नाही, तणाने भरते.

दहावीचा निकाल लागला की ठाणाकुशनूरच्या परिसरातील कित्येक घरांत लॅपटॉप घेण्याचा विषय निघतो. कोणी तूर विकून, कोणी बचत गटातून कर्ज काढून, उदगीर, बीदर वा हैदराबाद येथून यंत्र आणतात. त्याची किंमत, रंग आणि वजन यांवर घरात आठ दिवस चर्चा होते. पण त्यावर कोणती सॉफ्टवेअर म्हणजे आज्ञावल्या असाव्यात, यावर आठ मिनिटेही कोणी बोलत नाही. "सगळे टाकून दिले आहे," असे विकणारा सांगतो आणि आपण निश्चिंत होतो. या 'सगळ्या'त पुष्कळदा दोनचार खेळ, मुदत संपताच पैसे मागणारी एखादी आज्ञावली आणि चोरून उतरविलेली एखादी प्रत असते. ज्या भाषेत आपण शाळा शिकलो, ती मराठी लिहिण्याची सोय मात्र त्यात बहुधा नसते.

नव्या लॅपटॉपवर पहिला मान आपली भाषा शुद्ध व टिकाऊ स्वरूपात लिहिण्याच्या सोयीस द्यावा, आणि बाकीचे सारे त्यामागून यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ही केवळ भावनेची गोष्ट नव्हे, हे एका उदाहरणाने सांगतो.

माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनी आपल्या वृद्ध वडिलांच्या आठवणी काही वर्षांपूर्वी संगणकावर उतरवून घेतल्या होत्या. निजामाच्या राजवटीतील शाळा, १९४८ सालची धामधूम, १९५६ साली राज्यपुनर्रचना होऊन बीदर म्हैसूर राज्यात गेले आणि उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले तेव्हा विभागले गेलेले सोयरेधायरे, हे सारे त्यात होते. पुढे वडील वारले. नव्या लॅपटॉपवर ती फाइल उघडली तेव्हा पडद्यावर एकही मराठी शब्द नव्हता. रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे कडबोळे तेवढे दिसत होते.

असे का झाले? जुन्या पद्धतीच्या फाँटांत संगणकाच्या पोटात रोमन अक्षरांचेच क्रमांक साठविले जात आणि पडद्यावर त्यांस देवनागरीचे सोंग दिले जाई. फाँट हरवला की सोंग उतरे. युनिकोड या जागतिक पद्धतीने हा घोटाळा मिटविला. १९९१ साली तिची पहिली आवृत्ती निघाली आणि देवनागरी तीत पहिल्यापासूनच होती. या पद्धतीत जगातील लिपींच्या प्रत्येक अक्षरास स्वतंत्र क्रमांक दिलेला आहे. त्यामुळे 'क' हा ठाणाकुशनूरात लिहिला काय आणि लंडनमध्ये वाचला काय, 'क'च राहतो. त्या गृहस्थांची फाइल मूळ फाँटाचा शोध लागल्यावर रूपांतर करून वाचता आली. पण प्रत्येकाचे दैव एवढे अनुकूल नसते.

आपल्या सीमाभागास तर हा धडा नवा नाही. कित्येक घरांच्या जुन्या पेट्यांत आजोबा-पणजोबांचे मोडीतील कागद पडून आहेत. कागद आहे, शाई आहे, अक्षर वळणदारही आहे. पण घरात वाचणारा कोणी नाही. मोडी नाहीशी होण्यास दोनतीन पिढ्या लागल्या. संगणकावर तेच नुकसान एका यंत्राच्या आयुष्यात होऊ शकते.

यासाठी खर्च किती? काहीच नाही. आजच्या विंडोज व लिनक्स या दोन्ही प्रणालींत मराठीचा कळफलक असतोच. भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन तो सुरू करावयाचा एवढेच. त्यातही 'इन्स्क्रिप्ट' हा कळफलक विद्यार्थ्यांनी शिकावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. त्याची मांडणी आपल्या वर्णमालेसारखीच शिस्तीची आहे. डावीकडे स्वर, उजवीकडे बहुतेक व्यंजने; ज्या कळीवर 'क' तिच्यावरच शिफ्ट दाबून 'ख', 'ग'च्या कळीवर 'घ', 'त'च्या कळीवर 'थ'. रोमन स्पेलिंग टाइप करून मराठी उमटविण्याची रीत सोपी वाटते खरी. पण आपल्याच घरात शिरताना दुसऱ्याच्या अंगणातून जाण्यासारखे ते आहे.

आपल्या गावांसाठी इन्स्क्रिप्टचा आणखी एक मोठा गुण आहे. भारतीय लिपींसाठी त्याची रचना समान ठेवलेली आहे. मराठीचा 'क' ज्या कळीवर, त्याच कळीवर कन्नडचा आणि तेलुगूचाही 'क'. बोटांनी एकदा मराठी आत्मसात केली की लिपी बदलताच तीच बोटे कन्नड लिहू लागतात. कर्नाटकात कन्नडसाठी दुसरा एक कळफलक सरकारमान्य आहे, आणि ज्यास सरकारी कचेरीत काम करावयाचे असेल त्याने तोही शिकावा. परंतु घरी मराठी आणि शाळेत कन्नड अशा दोन्ही भाषा सांभाळणाऱ्या मुलास एका कष्टात दोन लिपी साधणे, हा लाभ लहान नव्हे.

लिपीनंतर दुसरा मान लेखनसाहित्याचा. पत्रे, निबंध, हिशेब आणि सादरीकरण यांसाठी 'लिब्रेऑफिस' हा २०१० साली सुरू झालेला संच विद्यार्थ्यांच्या गरजेस पुरून उरतो. तो विनामूल्य आहे, आणि त्याचा फाइल-प्रकार २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य असल्याने आपले लिखाण कोणा एका कंपनीच्या कुलुपात अडकत नाही.

तिसरा मान अभ्यासाच्या साधनांचा. भूमितीची प्रमेये प्रत्यक्ष हलवून पाहण्यास 'जिओजेब्रा', रात्रीचे आकाश ओळखण्यास 'स्टेलॅरियम' आणि इंटरनेट नसतानाही मराठी विकिपीडिया वाचता यावा म्हणून 'किविक्स' ही तीन साधने पुरेत. जेथे वीज व नेटवर्क यांचा भरवसा नसतो, तेथे तिसऱ्याची किंमत अधिक कळते. चित्रफिती पाहण्यास 'व्हीएलसी' घ्यावा.

"फुकटच्या वस्तूत काय दम असणार?" असे कित्येक वडीलधारे विचारतात. त्यांनी व्हीएलसीचीच हकीकत ऐकावी. पॅरिसजवळील एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी १९९६ साली हे काम अभ्यासाचा भाग म्हणून आरंभिले आणि २००१ साली ते सर्वांसाठी खुले केले. लिनक्सचा आरंभही १९९१ साली हेलसिंकीच्या एका एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने, लिनस टॉरवल्ड्सने, केला. विद्येप्रमाणे ही साधने दिल्याने वाढली आहेत.

याउलट, चोरून उतरविलेली महाग आज्ञावली ही खरी दरिद्री वस्तू होय. तिच्याबरोबर पुष्कळदा विषाणू येतात, ती अद्ययावत होत नाही, आणि जाणूनबुजून तिचा वापर करणे हा १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली गुन्हाही आहे. नागरिकशास्त्राच्या तासास प्रामाणिकपणावर उत्तर लिहावयाचे आणि ते घरी चोरीच्या साधनावर टाइप करावयाचे, हे विद्यार्थ्यास शोभत नाही.

रक्षणासाठी वेगळे अँटीव्हायरस विकत घेण्याची घाई नको. विंडोजमध्ये ते अंगचेच असते. प्रणाली वेळोवेळी अद्ययावत करीत राहणे हे आपले काम. वापरलेला लॅपटॉप घेणाऱ्यांनी एक ध्यानी ठेवावे : विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. तेव्हा त्या यंत्रावर विंडोज ११ चालत नसेल, तर लिनक्स घालावे. आणि जे जपावयाचे, त्याची एक प्रत निराळ्या पेनड्राइव्हवर अवश्य ठेवावी. बियाण्याची सारी पोती कोणी एकाच खोलीत ठेवीत नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या घरी नवा लॅपटॉप येईल तेव्हा पहिल्या दिवशी खेळ टाकू नका. मराठीचा कळफलक सुरू करा आणि आजीजवळ बसा. तिचे माहेर कोणते, लग्नात कोणत्या ओव्या म्हटल्या गेल्या, दुष्काळात घरादाराने काय खाऊन दिवस काढले, ते तिला विचारा आणि तिच्याच शब्दांत उतरवून घ्या. एवढे एक पान ज्या यंत्रावर नीट लिहिले गेले आणि पन्नास वर्षांनी तुमच्या नातवंडांस वाचता आले, त्या यंत्रावर घातलेला पैसा सार्थकी लागला असे खुशाल समजा.