चषक ढीगभर, मॅट कुठाय?

मंडळी, परवा आंबेवाडी नाक्यावर चहा पिताना पुन्हा तोच वाद कानावर आला. "यू मुंबात आपली पोरं का नाहीत? सगळा हरियाणाच भरलाय!" तेव्हा गप्प बसलो. आता लिहितोच, राग आला तरी चालेल.

जरा मागचं आठवा. २६ जुलै २०१४, वरळी. प्रो कबड्डीचा पहिलाच सामना. यू मुंबाने जयपूरला ४५-३१ असं लोळवलं. महिन्याभराने फायनलला त्याच जयपूरने ३५-२४ ने परतफेड केली. २०१५ ला बेंगळुरूला ३६-३० ने हरवून चषक आपला. २०१६ ला पाटण्यासमोर ३१-२८, फक्त तीन गुणांनी गेला. लागोपाठ तीन फायनल! कर्णधार कोण? अनुप कुमार, हरियाणाचा. त्याच्या बोनसवर अख्खं गाव टीव्हीसमोर नाचत होतं. तेव्हा नाही कोणी त्याचा जिल्हा विचारला. त्यानंतर यू मुंबा एकदाही फायनलला गेली नाही, आणि आता आपल्याला मराठी बाणा आठवतोय.

पुण्याकडे बघा. पलटणला पहिली फायनल गाठायला २०२२ उजाडलं, तीही जयपूरकडून ३३-२९ ने गेली. पण १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ ने पाडलं. कर्णधार अस्लम इनामदार, नगर जिल्ह्यातलं खेड्यातलं पोर. चढाईत पंकज मोहिते. अस्लम आणि आकाश शिंदे तर २०२३ ला आशियाई सुवर्ण जिंकलेल्या भारतीय संघात होते. ही पोरं नाक्यावर ओरडून तयार झाली नाहीत. कोवळ्या वयात अकादमीत घेतली, मॅटवर घासली, हरली तरी सांभाळली.

आणि आपण? भातकापणी झाली की शेतात मैदान, प्रकाशझोत, अमक्या भाऊंचा चषक, तमक्या दादांचा चषक. बॅनरवर पुढाऱ्याचा फोटो हातभर, खेळाडूचं नाव शोधावं लागतं. डीजे, फटाके, सत्कार... खेळ रात्री बारानंतर. मातीवर अनवाणी खेळणारं आपलं पोर निवड चाचणीला मॅटवर बूट घालून उभं राहतं, तेव्हा त्याचा पायच बसत नाही. पहिल्याच चढाईत पकड. घरी येतं आणि आपण म्हणतो, "वशिला लागतो रे!" असेलही कुठे वशिला. पण सरावच नाही दिला त्याचं काय?

मॅट लागते किती? १३ बाय १० मीटर आणि बाजूची थोडी जागा. रोहा तालुक्यात इतकी मंडळं, किती जणांकडे स्वतःची आहे? हात वर करा बघू.

कोणी म्हणेल, माती ही आपली परंपरा. मान्य! मातीतच खेळा, मीही तिथेच गुडघे फोडलेत. पण आशियाई स्पर्धा मॅटवर, प्रो कबड्डी मॅटवर. मग पोराला फक्त माती देऊन मॅटवाल्यांशी लढायला पाठवणं ही परंपरा नाही, फसवणूक आहे.

माझं म्हणणं एवढंच. यंदा पंचक्रोशीतल्या मंडळांनी डीजे आणि बॅनरचा पैसा एकत्र करून एक सामायिक मॅट घ्यावी. कमी पडलं तर ग्रामसभेत उभं राहून मागू. फोटो हवा असेल त्या पुढाऱ्याने तो मॅटच्या शेजारी लावावा, आमची हरकत नाही.

तुमच्या मंडळाची तयारी आहे का? लाईक नको, खाली मंडळाचं नाव लिहा.