तपासणाऱ्या हातांना हक्काची जागा हवी



घरात माणूस तापाने फणफणला म्हणजे कुटुंबापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो हा की, हा ताप कोणता? आपल्या सिंधुदुर्गात ह्या प्रश्नाला विशेष वजन आहे. पावसाळ्यात गुडघाभर चिखलात उभे राहून भाताची लावणी करणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. उंदीर, गुरे इत्यादिकांच्या मूत्रातील जंतू खाचरातल्या पाण्यात उतरतात आणि पायाच्या चिरेतून शरीरात शिरतात. हिवाळा सरता सरता काजूच्या बागेत राबणाऱ्यांना गोचिडीमार्फत माकडताप गाठतो. डेंग्यू आणि हिवताप हे तर आहेतच. ह्या साऱ्या तापांची आरंभीची लक्षणे जवळजवळ सारखीच असतात. परंतु लेप्टोवर साधे प्रतिजैविक वेळेवर मिळाले तर गुण येतो. माकडतापाच्या विषाणूवर मात्र खास असे औषध नाही, तेथे रुग्णाला जपणे आणि रक्तस्रावावर नजर ठेवणे हाच मार्ग आहे. संशय येताच डॉक्टर औषध सुरू करतात हे योग्यच होय. तथापि रोग निश्चित होतो तो प्रयोगशाळेत. आणि खाचरात व काजूच्या बागेत मोलाने राबणारा माणूस कोणत्या वाडीतून येतो, हे आपणांस कोणी सांगावयास नको!

माकडतापाचा इतिहासच पाहा. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि माणसे तापाने पडू लागली. त्या तापाचा विषाणू ओळखला तो पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने. हे केंद्र १९५२ साली स्थापन झाले होते. म्हणजे रोग येण्यापूर्वी पाच वर्षे तेथे माणसे शिकून तयार होत होती. २०१५ मध्ये हा ताप गोव्याच्या सत्तरी तालुक्यात दिसला आणि २०१६ मध्ये आपल्या दोडामार्ग तालुक्यात आला. पुढे बांदा परिसरातही त्याने माणसे घेतली. त्याचे निदान करणारी संस्था पुन्हा पुण्याचीच. तापाच्या पहिल्या काही दिवसांतच विषाणू रक्तात सापडतो. नंतर त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधावी लागतात. अशा स्थितीत नमुना घाट चढून जाण्यात आणि उत्तर घाट उतरून येण्यात जे दिवस जातात, ते रुग्णाच्या आयुष्यातून वजा होतात.

मग २०२० साल उजाडले. करोनाच्या साथीत आरंभी आपल्या जिल्ह्याचे नमुने बाहेर धाडावे लागत. त्याच वर्षी कुडाळ तालुक्यातील सिंधुदुर्गनगरी येथे, जिल्हा रुग्णालयात, विषाणूच्या तपासणीची प्रयोगशाळा उभी राहिली. ही गोष्ट आनंदाची होय. परंतु साथीच्या काळात राज्यभर ज्यांना तात्पुरते नेमले, त्यांतील अनेकांना साथ ओसरताच घरी पाठविण्यात आले. यंत्र राहिले, यंत्राची सवय झालेले हात गेले. विहीर खणून झाल्यावर रहाट ओढणाऱ्याला निरोप द्यावा, त्यातलाच हा प्रकार नव्हे काय?

कोणी म्हणेल, यंत्र सर्व काही करते, माणसाचे त्यात काय? हा मोठा भ्रम आहे. क्षयाच्या तपासणीत सूक्ष्मदर्शकाखाली थुंकीची काचपट्टी पाहावयाची असते. ‘जंतू नाहीत’ असे लिहिण्यापूर्वी तंत्रज्ञाने त्या पट्टीवरची किमान शंभर क्षेत्रे पाहावीत असा नियम आहे. थकलेला डोळा चुकतो, म्हणून एका दिवसात एकाने सुमारे पंचवीसपेक्षा अधिक पट्ट्या पाहू नयेत असेही सांगितले जाते. जेथे तिघांचे काम एकाकडे येते, तेथे हा नियम कागदावर राहतो आणि क्षयाचा रुग्ण ‘निरोगी’ म्हणून घरी जाऊन मुलाबाळांत खोकत बसतो. रक्त चुकीच्या नळीत घेतले, नमुना थंड ठेवला नाही, चिठ्ठीवरील नाव बदलले, तर लाखो रुपयांचे यंत्रही बिनचूक रीतीने चुकीचे उत्तर देते.

एका हाताच्या चुकीची किंमत किती असते, हे मुंबईच्या इतिहासात नोंदलेले आहे. डॉ. हाफकिन यांनी १८९७ साली प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ पासून परळ येथील प्रयोगशाळेत ती तयार होऊ लागली. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी लस टोचलेल्यांपैकी १९ माणसे धनुर्वाताने मेली. दोष प्रयोगशाळेवर आणि हाफकिन यांच्यावर आला, त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. पुढे चौकशीत निष्पन्न झाले की गावात बाटली उघडताना निर्जंतुकीकरणात हयगय झाली होती. १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरले. तात्पर्य हे की शास्त्रज्ञाची सारी विद्या अखेर बाटली उघडणाऱ्या साहाय्यकाच्या शिक्षणावर अवलंबून असते. त्या साहाय्यकाला जो समाज क्षुद्र लेखतो, तो स्वतःच्याच जिवाशी खेळतो.

आणि येथेच आपला जुना अनुभव जागा होतो. थुंकी, मल, मूत्र, रक्त यांना हात लावणाऱ्याला ह्या देशाने हजारो वर्षे हीन ठरविले. प्रयोगशाळेने तो न्याय उलटा केला. जे अपवित्र म्हणून टाकले गेले, त्यातूनच तेथे ज्ञान काढले जाते. परंतु पांढरा डगला अंगावर आला म्हणजे जुनी रीत आपोआप सुटते असे नाही. महार वतनात काम अनंत होते, मोबदला अनिश्चित होता आणि हक्क कोणताच नव्हता. त्या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले. १९५८ च्या कायद्याने ती वतने नष्ट झाली. आज जो तंत्रज्ञ दरवर्षी नव्या करारावर, अकरा-अकरा महिन्यांच्या भरवशावर, कायम सेवकाइतकेच काम करून त्याच्यापेक्षा कमी वेतन घेतो, त्याची स्थिती पाहून वतनाची आठवण व्हावी यात नवल ते काय?

कायदा ह्या माणसाच्या बाजूचा आहे. संविधानाच्या ३९ व्या अनुच्छेदात समान कामाला समान वेतनाचे तत्त्व आहे. ४७ व्या अनुच्छेदात सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य सांगितले आहे. २०१६ साली जगजित सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, समान काम करणाऱ्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यालाही किमान मूळ वेतन मिळाले पाहिजे, असा निर्णय दिला. २०२३ मध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी कर्मचाऱ्यांनी महाराष्ट्रात संप केला. मार्च २०२४ मध्ये दहा वर्षे सेवा झालेल्यांना नियमित पदांवर सामावून घेण्याचा शासननिर्णय निघाला. आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांना पुन्हा काम बंद ठेवावे लागले. निर्णय निघणे आणि निर्णय पोहोचणे यांत किती अंतर असते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे?

२०२१ पासून केंद्र सरकारने प्रत्येक जिल्ह्यात एकात्मिक सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा उभारण्याची योजना हाती घेतली. इमारतीचे स्वागत करू या. परंतु उद्घाटनाच्या दिवशी आपण एकच प्रश्न विचारला पाहिजे: येथे मंजूर पदे किती, भरलेली किती, आणि त्यांतील कायम किती? कुडाळचा शिकलेला मुलगा वा मुलगी गोव्यात किंवा मुंबईत निघून जाते, ती केवळ पैशासाठी नव्हे. जेथे तीस वर्षे एकाच पायरीवर उभे राहावे लागते, पुढील शिक्षणाला रजा मिळत नाही, राहावयास घर नाही, तेथे कोण थांबेल? माकडतापाच्या विषाणूवर काम करताना प्रयोगशाळेतील माणसांनाच लागण झाल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. काविळीची लस, चांगले हातमोजे, सुरक्षित कपाट आणि आजारपणाची रजा ही कंत्राटी माणसावर केलेली मेहेरबानी नव्हे. तो त्याचा हक्क आहे.

खर्चाचे कारण पुढे केले जाईल. त्याला उत्तर सोपे आहे. दर साथीला नवी माणसे आणून शिकविणे आणि साथ सरली की त्यांना घालविणे, हाच सर्वांत महाग व्यवहार आहे. कारण गेलेल्या माणसाबरोबर त्याचे शिक्षणही जाते.

आपल्याकडूनही दोन गोष्टी व्हाव्यात. आपल्या मुलांनी, विशेषतः मुलींनी, प्रयोगशाळा तंत्रज्ञाचे शिक्षण अवश्य घ्यावे; मात्र संस्था मान्यताप्राप्त आहे की नाही हे प्रवेशाची फी भरण्यापूर्वी पाहावे. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने ह्या व्यवसायासाठी आयोग आणि नोंदणीची व्यवस्था ठरविली आहे; तिच्या कसोटीला न उतरणारे प्रमाणपत्र घेऊन मुलाला दारोदार हिंडविण्यात अर्थ नाही. दुसरी गोष्ट, ग्रामसभेत रस्ता आणि पाणी यांच्याबरोबर तपासणीचाही ठराव मांडा. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तंत्रज्ञ आहे काय, नमुन्याचे उत्तर किती दिवसांनी येते, पद रिक्त असेल तर केव्हापासून, हे लेखी विचारा. उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा.

पुढचा पावसाळा येणारच आहे. लावणी थांबणार नाही, तापही थांबणार नाही. तो ताप ओळखणारा शिकलेला माणूस त्या दिवशी आपल्या जिल्ह्यात, आपल्या जागेवर, निर्धास्त मनाने बसलेला असावा, एवढीच ही मागणी आहे. आणि ती दुसरे कोणी आपल्यासाठी करणार नाही.