आधी अळी मोजा, मग पंप उचला

कपाशीवर फवारण्या सुरू झाल्या की दवाखान्यात दरवर्षी तेच दृश्य दिसते. घामाने भिजलेला, तोंडातून लाळ गळणारा गडी घरचे लोक धरून आणतात. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या असतात. "साहेब, औषध पोटात गेलं नाही, नुसतं अंगावर उडालं," असे ते सांगतात. वाचकहो, ते औषध नव्हे, विष आहे. ते कातडीतून आणि श्वासावाटेही शरीरात जाते. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले.

त्यानंतर हातमोजे, मास्क, चष्मा यांचा प्रचार झाला. तो योग्यच आहे. पण माझ्या मते खरा बचाव नको ती फवारणी टाळण्यात आहे.

गुलाबी बोंडअळीचेच पाहा. बीटी कपाशीलाही ती आता दाद देत नाही. अंड्यातून निघालेली अळी लवकरच फुलात, बोंडात शिरते. मग वरून कितीही मारा, विष तिच्यापर्यंत पोचत नाही. दुकानदाराच्या सांगण्यावरून दोन-तीन विषे एकत्र करून मारली जातात. अळी आत सुरक्षित राहते आणि विष पंपवाल्याच्या अंगावर येते.

"एक फवारणी चुकली तर पीक जाईल," ही भीती मला समजते. पण रोगी न तपासता औषध देणाऱ्या डॉक्टरला आपण काय म्हणू? शेतही तपासावे. एकरी दोन कामगंध सापळे लावावेत. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ पतंग सापडले, किंवा वीस हिरवी बोंडे फोडून दोहोंत जिवंत अळी निघाली, तरच कृषी सहायकाच्या सल्ल्याने रासायनिक फवारणी करावी. सुरुवातीला 5 टक्के निंबोळी अर्क वापरावा. फरदड न घेता डिसेंबरअखेर शेत मोकळे करावे, म्हणजे पुढच्या वर्षीची अळी उपाशी राहते.

एवढे करूनही विषबाधा झालीच, तर कपडे ताबडतोब काढा, अंग साबणाने धुवा, उलटी करवू नका. विषाचा डबा सोबत घेऊन रुग्णालय गाठा. डब्यावरचे नाव कळले की उपचाराला वेळ लागत नाही. बोंडे पुढच्या हंगामात पुन्हा येतील. घरचा कर्ता माणूस गेला तर तो येत नाही.