आवाजाच्या नकलेपुढे कॉपीराइट कायदा तोकडा

मुंबई : नामवंत गायकाचा आवाज हुबेहूब वठवणाऱ्या संगणक प्रणालींविरुद्ध दाद मागण्याची वेळ आली, तेव्हा कलावंतांना कॉपीराइटपेक्षा व्यक्तिमत्त्वावरील हक्काचाच आधार अधिक घ्यावा लागला. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांना आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आशा भोसले यांना दिलेला अंतरिम दिलासा प्रामुख्याने याच हक्कावर उभा आहे.

याचे कारण १९५७ च्या कायद्याच्या रचनेतच आहे. हा कायदा गाण्याचे शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांना स्वतंत्र संरक्षण देतो; गायकाला सादरीकरणाचा हक्कही देतो. मात्र, गळ्याच्या जातीला त्यात स्थान नाही. मूळ ध्वनिफितीची प्रत काढणे हा गुन्हा. पण तसाच भासणारा आवाज नव्याने निर्माण केला, तर ध्वनिमुद्रणाच्या मालकाला तो रोखणे अवघड जाते. कॅसेटच्या जमान्यात रफी-मुकेश यांची गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेण्याचा धंदा तेजीत होता. तेव्हा निदान गाणारा माणूस होता आणि त्याला बिदागी मिळत होती.

दुसरा वाद यंत्राच्या 'शिकवणी'चा. परवानगीविना हजारो गाणी यंत्राला ऐकवणे हा हक्कभंग आहे काय? म्युनिकच्या न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये 'गेमा' या संस्थेच्या दाव्यात ओपनएआयविरुद्ध निकाल दिला. नऊ गीतांचे शब्द प्रणालीच्या स्मृतीत साठणे हीच प्रत होय, असे त्याने मानले. अमेरिकेत मात्र जून २०२४ मध्ये सुनो आणि उडिओ यांच्यावर दावे ठोकणाऱ्या कंपन्यांपैकी युनिव्हर्सलने उडिओशी आणि वॉर्नरने सुनोशी २०२५ अखेर तडजोड केली. कालचा प्रतिवादी आजचा भागीदार झाला.

भारतात केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाच्या समितीने डिसेंबर २०२५ मध्ये सक्तीच्या परवान्याचा प्रस्ताव मांडला. कंपन्यांनी स्वामित्वधन भरावे आणि साहित्य वापरावे, असा त्याचा आशय. गीतकार-संगीतकारांना २०१२ च्या दुरुस्तीने मिळालेला स्वामित्वधनाचा वाटा पाहता हे ओळखीचे वाटेल. पण मोबदला घेऊनही 'नाही' म्हणण्याची मुभा त्यात उरत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. ए. आर. रहमान यांनी 'लाल सलाम' चित्रपटासाठी दोन दिवंगत गायकांचे आवाज वापरले, ते कुटुंबीयांची संमती घेऊन आणि मोबदला देऊन. सक्तीच्या परवान्यात अशा संमतीला जागा कुठे?

शिवाय व्यक्तिमत्त्वाचा हक्क न्यायालयात टिकतो तो मुख्यतः ख्यातीच्या बळावर. मुंबईच्या स्टुडिओंत नामवंतांसाठी आधी 'डमी' गाणारे, जाहिरातींच्या जिंगल गाणारे, डबिंग करणारे अनेक गळे श्रोत्यांना नावाने ठाऊकच नसतात. आपला आवाज यंत्राने उचलला, हे त्यांनी सिद्ध तरी कसे करावे?