बारा वर्षांनंतरची खुर्ची

केंद्र सरकारच्या एडिप योजनेत एक नियम आहे. बारा वर्षांखालील मुलाला एकदा मिळालेले सहायक साधन वर्षभरानंतर पुन्हा मिळू शकते. बारा पूर्ण झाली की हेच अंतर तीन वर्षांचे होते. १९८१ पासून चालू असलेल्या या योजनेने देशभरातील दिव्यांगांना खुर्च्या, कॅलिपर, कुबड्या आणि श्रवणयंत्रे पोहोचवली. वाशिमसारख्या आकांक्षित जिल्ह्यात खेड्यातल्या कुटुंबाच्या हाती व्हीलचेअर येते ती बहुधा अशाच एखाद्या मोजमाप शिबिरातून. म्हणून हा नियम आपल्या व्यवसायातील प्रत्येकाने नीट वाचायला हवा. मुलींची उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास, मुलांची चौदाव्याच्या सुमारास. त्या एका वर्षात आठ-नऊ सेंटिमीटर वाढ होणे अगदी सामान्य आहे. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांत हे वेळापत्रक मागेपुढे होते, वाढ कमीही राहते, पण वयात येणे टळत नाही. शरीर ज्या काळात सर्वाधिक बदलते, नेमक्या त्याच काळात खुर्ची बदलण्याची मुभा आक्रसते. फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, विशेष शिक्षक आणि तंत्रज्ञ असे आपण सगळे हे अंतर गृहीत धरूनच काम करत आलो आहोत. आमचे म्हणणे असे की, ते गृहीत धरणे आता थांबवले पाहिजे. मोठ्या मुलासाठी आसन निवडणे हे एका दिवसाचे काम नाही. बारा ते अठरा या वर्षांत ते पुन्हा पुन्हा करायचे काम आहे, आणि त्याची सुरुवात चाकांपासून नव्हे, बैठकीपासून होते.

शिबिरात सर्रास मिळणारी घडीची खुर्ची जवळून पाहू. दोन नळ्यांच्या मध्ये रेक्झिनचे कापड ताणून बसवलेले असते. नवी असताना ते सपाट दिसते. काही महिन्यांत मधोमध झोळ पडतो आणि मूल त्या झोळात उतरते. दोन्ही मांड्या आतल्या बाजूला वळून गुडघे एकमेकांना भिडतात, पेल्व्हिस एका कुशीला कलतो, तो कल भरून काढायला मणका उलट बाजूला वाकतो आणि डोके सावरण्यासाठी मूल एका हातावर भार टाकते. जो हात वहीवर किंवा ताटात हवा होता, तो खुर्चीच्या दांड्यावर अडकून पडतो. बैठकीची खोली मांडीपेक्षा जास्त असेल तर पाठ टेकवण्यासाठी मूल पुढे घसरते आणि माकडहाडावर बसते; पाठीची कमान होते, छाती दबते, घास गिळताना ठसका लागतो. पायठेवण खाली राहिली तर पाय लोंबकळतात आणि टाचा वर ओढल्या जातात. सहा वर्षांच्या, पंधरा किलोच्या मुलाचे असे बसणे आई दिवसातून दहा वेळा उचलून नीट करते. तेरा वर्षांच्या, पस्तीस किलोच्या मुलाचे तिला तसे करता येत नाही. मोठ्या मुलाचा प्रश्न वेगळा आहे तो इथे. चूक तीच असते, पण ती हाताने दुरुस्त करण्याची सोय वयाबरोबर संपते.

जी.एम.एफ.सी.एस. हे सेरेब्रल पाल्सीच्या मुलांच्या हालचालीच्या क्षमतेचे, सौम्य ते तीव्र अशा पाच पातळ्यांचे वर्गीकरण पॅलिसानो आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडले. २००७ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली, तेव्हा त्यात बारा ते अठरा हा स्वतंत्र वयोगट जोडावा लागला. कारण या वयात मूल काय करू शकते याइतकेच ते कुठे आहे, किती अंतर जायचे आहे, आणि त्याला स्वतःला काय हवे आहे यालाही महत्त्व येते. २००९ मध्ये हॅना आणि सहकाऱ्यांनी कॅनडातील मुलांचा दोन ते एकवीस वर्षे वयापर्यंतचा आलेख प्रसिद्ध केला. त्यात तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या पातळीवरील मुलांच्या हालचालीची क्षमता सातव्या-आठव्या वर्षी शिखर गाठते आणि पुढे उतरू लागते असे दिसले. खुब्याचा सांधा सरकण्याचे प्रमाण साऱ्या सेरेब्रल पाल्सीत सुमारे एक तृतीयांश आहे. पाचव्या पातळीवर ते नव्वद टक्क्यांच्या घरात जाते. मणक्याचा बाकही चौथ्या-पाचव्या पातळीवर अधिक आणि वाढीच्या वर्षांत अधिक वेगाने वाढणारा. केवळ चांगल्या खुर्चीने खुबा जागेवर राहतो असा दावा आम्ही करणार नाही. तसा पुरावा नाही. पण दक्षिण स्वीडनमध्ये १९९४ पासून मुलांची ठरलेल्या अंतराने तपासणी आणि एक्स-रे सुरू झाले, वेळीच शस्त्रक्रिया होऊ लागल्या, आणि खुबा पूर्ण निखळण्याचे प्रमाण आठ-नऊ टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्याच्या आसपास आले. ठरलेल्या वेळी पुन्हा मोजल्याने बिघाड लवकर हाती लागतो, एवढे त्यातून निश्चित घेता येते. आसनाच्या बाबतीत आपण पुन्हा मोजतच नाही.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा येतो, आणि तो फेटाळण्यासारखा नाही. खुर्ची तीन वर्षांनीच मिळणार असेल तर दोन मापे मोठी घेतलेली काय वाईट, असे पालक विचारतात आणि शिबिरातले तंत्रज्ञही तेच सुचवतात. शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा शिवायचा, तसेच. पण सैल सदऱ्यात मूल वाकडे होत नाही. सैल खुर्चीत होते. शिवाय रुंद खुर्चीची चाके लांब पडतात. जे मूल स्वतः चाक फिरवू शकले असते त्याचे खांदे तिथवर पोहोचत नाहीत आणि ते कायमचे ढकलले जाणारे मूल होऊन बसते. वाढीची तरतूद मापात नव्हे, रचनेत करायची असते. बैठकीची खोली सरकवता येणारी पाठ, खालीवर होणारी पायठेवण, काढता येणारी बाजूची उशी या सोयी असल्या तर एकच सांगाडा दोन-तीन वर्षे पुरतो. जिथे असा सांगाडा मिळत नाही, तिथे मोठ्या खुर्चीत आजच्या मापाची बैठक घालता येते. प्लायवुडचा सपाट तुकडा, त्यावर घट्ट फोम, वर रेक्झिन, दोन्ही कुशींना फोमचे ठोकळे आणि पेल्व्हिसवरून साधारण ४५ अंशात खाली ओढणारा पट्टा, एवढ्याने झोळ नाहीसा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मध्यम स्तरावरील व्हीलचेअर प्रशिक्षणात अशी आधारसाधने स्थानिक सामानातून बनवायलाच शिकवले आहे. एक सावधगिरी मात्र हवी. स्पायना बायफिडाच्या मुलाला बहुधा बैठकीखाली संवेदना नसते, ड्युशेनच्या मुलाला आजार वाढल्यावर स्वतःहून अंग हलवता येत नाही. त्यांना नुसत्या पातळ फोमवर बसवणे म्हणजे जखमेला आमंत्रण. त्यांच्यासाठी दाब वाटून घेणारी गादी आधी ठरवायची, बाकी सारे नंतर.

बैठक ठरली की चाके. इथे गावाला विचारल्याशिवाय निर्णय होऊ नये. वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातले किन्हीराजा घ्या. काळ्या मातीचा, सोयाबीन-तुरीचा हा पट्टा आहे. पावसाळ्यात गल्लीतला चिखल चाकाला चिकटून चाक जाम करतो. खुर्चीची पुढची छोटी, टणक चाके या मातीत रुततात आणि मागून ढकलणारा जोर लावतो तेव्हा मूल तोंडघशी पडायची भीती असते. मोटिव्हेशन या ब्रिटिश संस्थेने खडबडीत जमिनीसाठी पुढे एकच मोठे चाक असलेली, लांब पल्ल्याची तीनचाकी खुर्ची रूढ केली. बाहेरच्या रस्त्यावर ती खरोखर स्थिर राहते, पण दोन खोल्यांच्या घरात ती वळत नाही आणि उंबऱ्यावरून आत घेताना दोन माणसे लागतात. बैठकीसकट मागे कलणारी खुर्ची पाचव्या पातळीवरच्या मुलाला आराम देते आणि नुसती पाठ मागे पाडणाऱ्या खुर्चीसारखे अंग घसरू देत नाही, ताठरपणाही तितका चेतवत नाही. पण ती जड असते आणि काळी-पिवळी जीपमध्ये किंवा एस.टी.त चढत नाही. सगळे गुण एका खुर्चीत मिळणार नाहीत. किन्हीराजासारख्या गावात आम्ही बहुतेक वेळा दोन आसनांच्या बाजूने मत देऊ. बाहेर नेण्यासाठी चाकाची खुर्ची, आणि घरात किंवा वर्गात बसायला गावच्या सुताराने मापाने केलेली, पुढे फळी असलेली लाकडी बैठक. चाकाचे पंक्चर सायकलवाला काढू शकेल, टायर-ट्यूब मालेगावात मिळेल, हेही निवडीचेच निकष आहेत. जो सुटा भाग मागवायला थेट कानपूरचा कारखाना गाठावा लागतो, तो तुटला की खुर्ची गोठ्यात जाते.

दुसरा आक्षेप पालकांच्या मनातला, आणि आपल्यापैकीही काहींच्या. खुर्चीची सवय लागली तर चालणे सुटेल. वॉकर धरून चार पावले टाकणाऱ्या तिसऱ्या पातळीवरील मुलाच्या बाबतीत ही भीती फार खोलवर असते. वर्षानुवर्षे व्यायाम करून घेतलेल्या आईला खुर्ची म्हणजे हार वाटते. वर सांगितलेला आलेख इथे उपयोगी पडतो. शिखरानंतरची उतरण वाढते वजन, आखडते स्नायू आणि लांबलेली हाडे यांच्याशी जोडलेली आहे. खुर्ची येते ती बहुधा उतरण लागल्यानंतर. शाळेपर्यंत पाय ओढत जाऊन घामाघूम झालेल्या मुलापाशी गणितासाठी काय उरते, हा प्रश्न पालकांना शांतपणे विचारावा. चालणे घरात, अंगणात, व्यायामात चालू राहू द्यावे आणि अंतर खुर्चीने कापावे. दोन्ही एकत्र नांदतात. याच्या उलट टोकाला कडेवर नेणे आहे. आई उचलते, बाप पाठीवर घेतो, खुर्ची कशाला, असे गावात सहज म्हटले जाते. त्या आईची कंबर किती वर्षे टिकणार हे आपल्याला ठाऊक आहे. आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला चारचौघांत कडेवर जायचे आहे का, हे तिला कोणी विचारलेले नसते. बाबागाडीच्या धर्तीवरच्या मोठ्या ढकलगाडीबाबतही हेच. ती हलकी असते, घडी होते, प्रवासाला बरी पडते. पण रोजचे आसन म्हणून ती वयात आलेल्या मुलाला तान्ह्या बाळाच्या उंचीवर आणि आभाळाकडे तोंड करून ठेवते. बोलता न येणारे मूलही खुणेने, नजरेने, चित्रांवर बोट ठेवून आपली पसंती सांगते. मुलींच्या बाबतीत हात टेकायचे दांडे निघतात का, आसनावरून संडासापर्यंत सरकता येते का, पाळीच्या दिवसांत कपडा बदलताना आडोसा आणि आधार दोन्ही मिळतात का, हे तपासण्याच्या यादीत वरच असायला हवे. या गोष्टी विचारायला आपण संकोचतो, आणि त्या संकोचाची किंमत ती मुलगी शाळा सोडून चुकवते.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. मोजणार कोण? आसनाचे काम जाणणारा थेरपिस्ट गावात नाही. मुंबईतील हाजी अलीची १९५५ सालची अखिल भारतीय पुनर्वसन संस्था वाशिमपासून पाचशे किलोमीटरहून लांब. हे खरे आहे. पण मोजण्याचे सारे काम तज्ज्ञाचे नाही. मुलाला सपाट बाकावर बसवायचे, पेल्व्हिस दोन्ही हातांनी सरळ धरायचा, कुणीतरी पाठीमागे पुस्तक उभे धरायचे आणि तिथून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत टेप लावायची. दोन्ही पाय वेगवेगळे मोजायचे, कारण खुबा सरकला असेल तर एक मांडी आखूड भरते. दोन-तीन सेंटिमीटर वजा केले की बैठकीची खोली मिळते. त्याच बैठकीत नितंबांची रुंदी आणि गुडघ्यापासून टाचेपर्यंतचे अंतरही घेता येते. तीन मापे, दहा मिनिटे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी वर्षातून एकदा शाळेत जातात, उंची-वजन घेतात. समग्र शिक्षाचा विशेष शिक्षक तर गृहाधारित शिक्षणाच्या मुलाच्या घरीही जातो. या दोघांनी सहा महिन्यांच्या अंतराने ही तीन मापे मुलाच्या नोंदवहीत लिहिली, आणि दोन सेंटिमीटरहून अधिक फरक किंवा दोन मांड्यांत तफावत दिसताच मुलाला वाशिमच्या जिल्हा रुग्णालयाकडे पाठवले, तर तज्ज्ञाचा वेळ जिथे हवा तिथेच खर्च होईल. गृहाधारित शिक्षणाचा पर्याय शिक्षण हक्क कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांना हक्क म्हणून दिला आहे. बसायला नीट आसन नाही म्हणून तो निवडावा लागत असेल, तर ती निवड म्हणता येणार नाही.

पैशाचीही वाट आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी लागते. किन्हीराजासारख्या ग्रामपंचायतीत त्यातून नवी खुर्ची कदाचित होणार नाही, पण प्लायवुड, फोम, पट्टे, सुताराची मजुरी आणि वर्षाकाठी दोन टायर नक्की होतील. मात्र त्यासाठी ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या हाती थेरपिस्टच्या सहीचा, मापे आणि कारण लिहिलेला एक कागद द्यावा लागेल. तोंडी शिफारशीवर पैसा निघत नाही, आणि निघूही नये.

आणि शेवटी तो नियम. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चे कलम १७ लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्याला योग्य सहायक साधने अठराव्या वर्षापर्यंत मोफत द्यायला सांगते. कलम ३१ मोफत शिक्षणाचा हक्क अठरापर्यंत नेते. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची मर्यादाही अठराच. एडिपची एक वर्षाची सवलत तेवढी बारावर थांबते. ही सवलत अठरा वर्षांपर्यंत वाढवावी, आणि खुर्चीच्या मापातील बदल किंवा बैठक व गादीची दुरुस्ती ही नवे साधन न मानता त्याच साधनाची देखभाल मानावी, अशी मागणी आपल्या संघटनांनी राज्याच्या दिव्यांग कल्याण विभागामार्फत केंद्राकडे करावी. मागणीला जोर येईल तो आकड्यांनी. म्हणून आमची वाचकांना विनंती आहे : आपल्याकडे येणाऱ्या बारा ते अठरा वयाच्या प्रत्येक खुर्चीवापरकर्त्या मुलाची तीन मापे आणि खुर्चीची तीन मापे या महिन्यापासून शेजारी-शेजारी लिहून ठेवा. मुलाचे नाव न लिहिता, वय, तालुका आणि खुर्ची मिळाल्याचे वर्ष टाकून ती आमच्याकडे पाठवा.