अनुग्रह की अधिकार?

हडफडे येथील नाइट क्लबमध्ये 6 डिसेंबर 2025 च्या रात्री भडकलेल्या आगीने 25 जणांचे प्राण घेतले. त्यांत पर्यटक होते. परंतु बहुसंख्य होते ते पोटासाठी दूरदूरच्या प्रांतांतून येथे आलेले कर्मचारी. राज्य सरकारने मृतांच्या कुटुंबीयांना प्रत्येकी 5 लाख आणि केंद्राने 2 लाख रुपयांची सानुग्रह मदत तत्परतेने घोषित केली. या तत्परतेबद्दल आमची तक्रार नाही. परंतु जानेवारी 2014 मध्ये काणकोणला बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून 31 जण गाडले गेले, मे 2025 मध्ये शिरगावच्या श्री लईराईच्या जत्रेत भाविक चेंगरून मेले, आणि आता हे हडफडे. दर खेपेस मदतीची घोषणा होते, चौकशीचे आश्वासन मिळते, आणि मृताच्या घरच्यांची समजूत होते की मिळायचे ते मिळाले.

ही समजूत कायद्याला धरून नाही. सानुग्रह म्हणजे देणाऱ्याची कृपा. ज्याच्या हलगर्जीपणामुळे घरातला माणूस गेला, त्याच्याकडून नुकसानभरपाई मागणे हा कुटुंबाचा अधिकार आहे, आणि सरकारी धनादेश स्वीकारल्याने तो बुडत नाही. या दोहोंत अंतर किती, हे एका साध्या हिशेबाने कळेल. महिना 20 हजार रुपये मिळविणारा, पत्नी व दोन मुले मागे ठेवणारा 35 वर्षांचा खाजगी नोकर रस्ते अपघातात दगावला असे समजू. सर्वोच्च न्यायालयाने 2009 व 2017 च्या निवाड्यांत घालून दिलेल्या पद्धतीप्रमाणे त्याच्या वार्षिक मिळकतीत भावी वाढीचे चाळीस टक्के मिळवावयाचे, स्वतःच्या खर्चापोटी एक तृतीयांश वजा करावयाचे आणि उरलेल्या रकमेला वयानुसार 16 ने गुणावयाचे. उत्तर येते 35 लाख 84 हजार. गृहिणीच्या श्रमांनाही मोल आहे, हे याच न्यायालयाने 2021 मध्ये पुन्हा बजावले आहे.

मात्र हा अधिकार बजावण्याची दारे निरनिराळी आहेत. वाहन अपघात असेल तर मोटार अपघात दावे न्यायाधिकरणाकडे जावे. कुटुंब जेथे राहते तेथेही हा दावा दाखल करता येतो. 1 एप्रिल 2022 पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने त्यासाठी सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान मिळाले असले, तरी त्या भरवशावर कोणी विसंबू नये. कोणाचा दोष होता हे सिद्ध न करता 5 लाख रुपये मिळण्याचीही सोय आहे. परंतु ती रक्कम स्वीकारली की न्यायाधिकरणापुढील मोठ्या भरपाईचा दावा संपुष्टात येतो. सही करण्यापूर्वी हे कुटुंबास कोण सांगतो? ठोकर देणारे वाहन पळून गेले व सापडलेच नाही, तर तालुक्याच्या महसूल अधिकाऱ्यामार्फत 2 लाख रुपये मागता येतात.

कामावर असताना मृत्यू आला, तर मालकाचा दोष सिद्ध करण्याची गरज नाही. 1923 च्या जुन्या कायद्याची जागा नोव्हेंबर 2025 मध्ये सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. तत्त्व तेच राहिले. तुटलेल्या वीजतारेने बळी घेतला तर वीज पुरविणारी संस्था कारणे सांगून सुटू शकत नाही, असा 2002 चा निवाडा आहे. पैसे भरून घेतलेल्या उपचारात हयगय झाली तर ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांत तक्रार करावी. यांपैकी काहीच लागू नसेल तर 1855 चा प्राणघातक अपघात कायदा आहे. दिवाणी न्यायालयात दावा लावण्याची त्याची मुदतही दोनच वर्षे.

फौजदारी खटला ही याहून वेगळी बाब. भारतीय न्याय संहितेने हयगयीने मृत्यू घडविण्याची कमाल शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली, हे योग्यच झाले. पण आरोपी तुरुंगात गेल्याने विधवेची चूल पेटत नाही. तो सुटला तरी भरपाईचा दावा आपोआप मरत नाही, कारण दोन्हीकडे पुराव्याची कसोटी भिन्न आहे. म्हणून खटल्याच्या निकालाची वाट पाहत मुदत घालविणे आत्मघाताचे ठरेल.

आता सर्वांत बोचरा प्रश्न. ज्यांनी परवाने दिले, ज्यांनी डोळेझाक केली, त्यांचे काय? 13 जून 1997 रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात 59 प्रेक्षकांचा अंत झाला. नातलगांनी संघटित होऊन वर्षानुवर्षे झुंज दिली. उच्च न्यायालयाने वीस वर्षांवरील मृतांसाठी 18 लाख ठरविले होते. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये ते 10 लाखांवर आणले, आणि महापालिका व परवाना देणारे पोलीस अधिकारी यांना भरपाईच्या जबाबदारीतून मोकळे केले. हडफडे प्रकरणी काही अधिकारी निलंबित झाले. त्या निलंबनातून मृतांच्या मुलांच्या पदरात काय पडले? सरकारच्या चुकीबद्दल सरकारनेच भरपाई द्यावी यासाठी स्वतंत्र कायदा करा, असे विधी आयोगाने आपल्या पहिल्याच अहवालात 1956 मध्ये सुचविले होते. तो कायदा आजतागायत झालेला नाही. राजा चुकत नाही, हे परक्या राजवटीचे तत्त्व. स्वराज्यात त्याची सावली इतकी लांब पडावी, हे आम्हांस लांच्छनास्पद वाटते.

तो कायदा दिल्लीत व्हायचा तेव्हा होवो. गोवा सरकारला आजही बरेच काही करता येईल. 1987 च्या कायद्याने स्त्रिया, मुले, कामगार व सामूहिक आपत्तीचे बळी यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. दुर्घटनेनंतर मंत्र्यांच्या मोटारीबरोबर विधी सेवा प्राधिकरणाचा वकीलही मृताच्या घरी पोचला पाहिजे, आणि धनादेशासोबत कोणत्या दाराला किती मुदत आहे हे सांगणारा कागद कुटुंबाच्या भाषेत दिला गेला पाहिजे. झारखंडच्या वा आसामच्या खेड्यात बसलेल्या आईला म्हापशाच्या न्यायालयाचा रस्ता कोण दाखविणार? तो दाखविणे हे ज्या भूमीत तिचा मुलगा राबला व मेला, त्या भूमीच्या सरकारचे कर्तव्य आहे.