निर्मळ दिसणारे पाणी

बऱ्हाणपूरकरांस पाण्याची मोठी मिरास लाभली आहे. इ. स. १६१५ च्या सुमारास अब्दुर्रहीम खान-इ-खानान यांच्या काळी सातपुड्याकडील झिरपे भुयारांतून शहरात आणले गेले. तो कुंडी भंडारा आजही पाणी देतो. त्याच्या भिंतींवर चुन्याचे पांढरे थर दिसतात. पाणी ज्या खडकातून येते त्याचा अंश बरोबर आणते, याची ही साक्षच होय.

आता जागोजाग कूपनलिका झाल्या आहेत आणि त्या कुंड्यांहून कितीतरी खोल जातात. तेथील सर्वच अंश डोळ्यांस दिसत नाहीत. फ्लोराइडला ना रंग, ना वास. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे एक मिलिग्रॅम, व अन्य सोय नसल्यास दीडपर्यंत तो चालतो. त्याहून अधिक वर्षानुवर्षे पोटात गेल्यास मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे उमटतात, पुढे सांधे आखडतात, पाठ वाकते. आमच्या राज्यातील झाबुआ, धार, मंडला आणि महाराष्ट्रातील यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांनी हे दुःख भोगले आहे. (हातपंप आला तेव्हा गावास सुखच वाटले असेल!)

पाणी उकळले की निर्दोष झाले, अशी घरोघर समजूत आहे. जंतूंपुरती ती खरी; फ्लोराइड मात्र वाफेबरोबर जात नाही, उलट उरलेल्या पाण्यात दाटतो. तुरटी व चुना वापरून तो काढण्याची ‘नलगोंडा’ रीत नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने सिद्ध केली आहे; पण तपासणीवाचून ती कोठे योजावी? म्हणून आमचे मत असे की, कूपनलिकेच्या खर्चातच पाण्याच्या तपासणीचा खर्च धरला जावा, आणि आरंभ प्राथमिक शाळांपासून व्हावा. पक्के दात घडण्याचे वय तेथील आमच्या धाकट्या भावंडांचे आहे.